पगारदार माणसाने दिवाळखोरीचा अर्ज करावा का?

थकलेला_हप्ता
गृहकर्ज १९ लाख बाकी, दोन पर्सनल लोन मिळून ११ लाख, क्रेडिट कार्डं ४ लाख. हातात पगार ५२ हजार आणि हप्ते ५८ हजार. गृहकर्जासाठी घर तारण आहे, आजचा भाव साधारण ३१ लाख. एका पर्सनल लोनला मेहुणे जामीनदार. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेखाली दिवाळखोरी जाहीर करता येईल का? त्याआधी घर बायकोच्या नावावर केलं तर? बाउन्स झालेल्या चेकचं काय होतं?

दिवाणी_बाजू
२०१६ च्या संहितेतला व्यक्तींचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला, पण फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेल्यांसाठी. बाकीच्यांना अजून जुनेच कायदे आहेत. मुंबईत १९०९ चा नादारी (म्हणजे दिवाळखोरी) कायदा, अर्ज उच्च न्यायालयात. उरलेल्या महाराष्ट्रात १९२० चा प्रांतिक नादारी कायदा, अर्ज जिल्हा न्यायालयात. त्यामुळे ‘एनसीएलटीत (कंपन्यांच्या न्यायाधिकरणात) फाइल टाकून कर्ज माफ करून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

१९२० च्या कायद्यात कर्जाची अट ५०० रुपयांची आहे (हो, आकडा तेव्हाचाच राहिलाय). खरी अट म्हणजे फेड अशक्य असणं. अर्जात प्रत्येक धनकोचं (कर्ज देणाऱ्याचं) नाव, पत्ता, रक्कम आणि झाडून सगळ्या मालमत्तेची किंमतीसह यादी लागते. काही लपवलं तर तो गुन्हा ठरतो.

नादार ठरवल्याचा हुकूम झाला की मालमत्ता न्यायालयाकडे किंवा त्याने नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते आणि विनातारण धनकोंना न्यायालयाच्या परवानगीशिवाय दावा लावता येत नाही. गृहकर्जाची बँक मात्र या कुंपणाबाहेर असते. सरफेसीखाली (बँकांच्या तारण-वसुलीच्या कायद्याखाली) ६० दिवसांची नोटीस देऊन ती घराचा ताबा घेण्याच्या वाटेला लागू शकते.

पुढचा टप्पा ऋणमुक्तीचा, आणि गाडी बहुधा इथेच अडते. हुकुमात दिलेल्या मुदतीत मुक्तीचा अर्ज केला नाही, तर नादारीच रद्द होते. विनातारण कर्जाच्या रुपयाला आठ आणेही मालमत्तेतून निघत नसतील, तर पूर्ण मुक्ती नाकारली जाते. मुक्ती हवी तर ती परिस्थिती तुमच्या दोषामुळे आली नाही हे न्यायालयाला पटवावं लागतं. मुक्ती मिळाली तरी जामीनदार सुटत नाही, म्हणजे मेहुणे अडकलेलेच.

बायकोच्या नावाचा विचार सोडा. तारण घर बँकेच्या संमतीशिवाय हलवता येत नाही. शिवाय अर्जाआधीच्या दोन वर्षांतलं बिनमोबदल्याचं हस्तांतरण रिसीव्हर उलटवू शकतो, आणि तुमच्या सचोटीवर प्रश्न येतो तो वेगळाच. चेक बाउन्स हे चेकांच्या कायद्यातल्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट) कलम १३८ चं फौजदारी प्रकरण आहे, नादारीने मिटत नाही. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे दिले तर खटला उभा राहत नाही.

हिशेबनीस
नादारीआधी बँकेच्या हाती खरोखर काय लागू शकतं ते मोजा. बँकेच्या दाव्यात न्यायालयाचा वसुलीचा हुकूमनामा झाल्यावरच पगार जप्त होतो, तोही पहिले १,००० आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडून. ५२ हजार धरले तर महिन्याला १७ हजार, आणि एकाच हुकूमनाम्यासाठी जास्तीत जास्त २४ महिने. पीएफ आणि ग्रॅच्युइटीला जप्ती लागत नाही. म्हणून पीएफ काढून कार्ड फेडणं हा सगळ्यात वाईट सौदा.

पगाराचं खातं कर्ज देणाऱ्याच बँकेत असेल, तर ते दुसरीकडे न्या. नाहीतर बँक थकबाकी थेट वळती करून घेऊ शकते.

ओटीएसचं (एकरकमी तडजोडीचं) पत्र बँकेच्या लेटरहेडवर घ्या. त्यात एकूण रक्कम, मुदत, ‘यानंतर कोणतीही मागणी नाही’, जामीनदाराची मुक्तता आणि सिक्युरिटी चेक परत, हे सगळं लिहिलेलं हवं. जामीनदाराचा मुद्दा बहुतेक लोक विसरतात. पैसे कर्जखात्यातच भरा, एजंटच्या यूपीआयवर नको. सिबिलवर ‘सेटल्ड’ शेरा राहील आणि काही वर्षं नवं कर्ज अवघड जाईल.

थकलेला_हप्ता
म्हणजे गृहकर्जाचा हप्ता आधी, कार्डं नंतर? आणि एजंट रात्री दहाला फोन करतात.

हिशेबनीस
हो, सध्या तोच क्रम. एजंटला सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. कॉल लॉगसह बँकेकडे लेखी तक्रार करा, ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे.

दिवाणी_बाजू
एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटतेय. घर ३१ लाखांचं आणि कर्ज १९, म्हणजे १२ लाख तुमचे आहेत. नादारीत ते १२ लाख रिसीव्हरच धनकोंना वाटणार, खर्च वजा जाता. त्यापेक्षा बँकेला कळवून घर स्वतः बाजारभावाने विका. दलाली आणि भांडवली नफ्यावरचा कर वजा होऊन जे उरेल, ते १५ लाखांच्या विनातारण कर्जासमोर ठेवून ओटीएस मागा. जामीनदार असलेलं कर्ज पहिलं मिटवा.