आठवीच्या मुलांचं लेखन ब्लॉगवर टाकताना चुका सुधारू की तशाच ठेवू?

द्राक्षपट्टा:
तासगाव तालुक्यातल्या एका शाळेत आठवीला मराठी शिकवतो. जूनमध्ये वर्गाचा ब्लॉग काढला. मुलं आधी वहीत लिहितात, मग माझ्या मोबाइलवर आळीपाळीनं टाइप करतात.

पहिले काही महिने निबंधाची वहीच ब्लॉगवर उतरत होती. 'पावसाळा हा माझा आवडता ऋतू', 'आमच्या गावचे निसर्गरम्य वातावरण'. टँकरमागे घागरी घेऊन पळालेली पोरं ही! पण त्यांना कुठल्या तोंडानं बोलू? ही वाक्यं पाठ करून घेऊन मार्क देणारा मीच.

गेल्या आठवड्यात मागच्या बाकावरच्या एकानं बेदाण्याच्या शेडवर, म्हणजे डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवलेली द्राक्षं जाळीवर वाळवतात त्या जागेवर, नऊ ओळी लिहिल्या. त्यातल्या काही जशाच्या तशा देतो:

"डिपींग ऑईलचा वास हाताला दोन दिवस रहातो. भाकरीला पण तोच वास. आई म्हणती जाळीवर माल टाकताना घड दाबू नको. गंधकाची धुरी दिली की डोळे चुरचूरतात. माल झाडताना पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा आवाज येतो."

वर्षभरात मला वाचावंसं वाटलेलं हे पहिलं लिखाण. मी ते तसंच टाकलं. पुण्याच्या त्याच्या मावशीनं खाली विचारलं, "धुरी किती तास देतात? आणि तू तेव्हा झोपतोस कुठं?" दुसऱ्या दिवशी गडी मधल्या सुट्टीत माझ्यासमोर हजर, "सर, अजून लिहायचंय." एरवी वही मागितली की याच्या पोटात दुखतं.

इकडे स्टाफरूममध्ये मात्र, "शाळेची अब्रू जाते, ऱ्हस्व-दीर्घ तरी बघा." त्यांचंही खोटं नाही. पण मी लाल पेन घेऊन बसलो की त्याच्या आईचं बोलणं माझ्या भाषेत येतं. तुम्ही काय करता?

निवृत्त_बाई:
सर, तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत भरताय. 'रहातो' ही चूक आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांत राहणे, पाहणे, वाहणे अशीच रूपं सांगितली आहेत. 'चुरचूरतात'मधला चू ऱ्हस्व हवा. 'म्हणती' मात्र चूक नाही, ती त्याची आई बोलते. तिला हात लावाल तर खबरदार!

मी शाळेत हस्तलिखित काढायचे. पहिली काही वर्षं सगळ्यांचे लेख मीच 'नीट' करायचे. एकदा अंक चाळताना लक्षात आलं, सगळी मुलं माझ्यासारखी लिहितात. केवढी लाज वाटली म्हणून सांगू. मग फक्त समासात पेन्सिलीनं टिंब द्यायला लागले. या ओळीत काहीतरी आहे, काय ते तू शोध. आणि एका वेळी एकाच प्रकारची चूक, बाकीच्या पुढच्या खेपेला.

सांगलीकर_पालक:
हे सगळं ठीक, पण दहावीला याचे मार्क किती? आणि मोबाइल हातात दिला की पोरगं लिहितंय का रील बघतंय, कोण बघणार?

द्राक्षपट्टा:
@सांगलीकर_पालक, मोबाइल माझा, माझ्यासमोर, वीस मिनिटं. मार्कांचं म्हणाल, तर दहावीला उपयोजित लेखनात बातमी, पत्र, जाहिरात येतेच. 'किती तास, कुठं, कोणी' हे मावशीनं विचारलं तेच बातमीत लागतं. मी फळ्यावर तीनदा लिहून दिलं होतं, कोणाच्या डोक्यात शिरलं नव्हतं.

फोंड्याची_शिक्षिका:
आधी एक काम करा. पूर्ण नाव, फोटो, वाडी-वस्ती काढून टाका आणि पालकांची लेखी संमती घ्या. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचे सगळे मूलच धरले आहेत. प्रतिक्रिया तुम्ही वाचल्याशिवाय दिसू नयेत, अशी सोय ब्लॉगच्या सेटिंगमध्ये आहे.

दुसरं, मावशीसारखे वाचक किती दिवस पुरणार? फ्रान्समध्ये फ्रेने नावाच्या खेड्यातल्या शिक्षकानं १९२४मध्ये वर्गात छपाईयंत्र आणलं होतं. मुलांनी लिहिलेलं मुलंच छापायची आणि पुढं ते लांबच्या शाळेतल्या मुलांना पाठवायची. आपणही करू या का? माझ्या वर्गाला बेदाणा म्हणजे दुकानातली पुडी. आमच्याकडे सध्या काजूचा हंगाम आहे. बोंडं मळून निरो म्हणजे रस कसा काढतात, ते माझी पोरं लिहितील. तुमच्यांनी प्रश्न विचारायचे. सुधारलेलं नको, तुमच्या मुलांचं कच्चंच पाठवा.

द्राक्षपट्टा:
बाई, आज टिंबं देऊन बघितली. 'रहातो' त्यानं स्वतः खोडला. 'चुरचूरतात' दोनदा मोठ्यानं वाचून दुरुस्त केलं. 'डिपींग' काही सापडलं नाही, ते पुढच्या खेपेला. 'म्हणती'पुढं मी टिंब दिलं नव्हतं, तरी त्यानंच विचारलं, "सर, हे म्हणते करू?" मी म्हटलं, आई काय म्हणते? तर म्हणाला, "आई म्हणतीच म्हणती." राहिलं.

मॅडम, फोंड्याला पाठवतो, संमतीचे कागद सोमवारी वाटतोय. मावशीला उत्तर अजून गेलेलं नाही. धुरीचे तास वडिलांना विचारून येतो म्हणालाय. आता तीन दिवस शाळेत येणार नाही, शेडवरचा माल झाडायला आलाय.