कौल उजवा पडेपर्यंत लावत राहिले तर त्याला गुप्त माहिती म्हणायचं का?

खाडीपलीकडचा
परवा दाभोळला फेरीबोटीची वाट बघत उभा होतो. बाजूला दोन कॉलेजची पोरं मोबाईलवर कुठल्यातरी युद्धाची बातमी बघत होती आणि एक दुसऱ्याला म्हणाला, "अरे सरकारकडे गुप्तचरांची माहिती असते, आपल्याला काय घंटा कळतं." बोट लागली, गाडी चढवायची घाई, मी काही बोललो नाही. पण धोपाव्याला उतरेपर्यंत डोक्यात तेच. २००३ ला अमेरिकेने इराकवर हल्ला केला तेव्हा ही पोरं जन्मलीही नसतील.

तर थोडक्यात सांगतो. ५ फेब्रुवारी २००३, अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल सुरक्षा परिषदेत बसून चिमटीत एक कुपी धरून दाखवतायत, अँथ्रॅक्सच्या जंतूंची एवढीशी पूड काय करू शकते बघा. मग पडद्यावर ट्रक, ज्यात म्हणे इराकचा हुकूमशहा सद्दाम जैविक अस्त्रं बनवतो. फोटो नाहीत हां, चित्रं! ट्रकची गोष्ट मुख्यतः आली एका इराकी माणसाकडून, टोपणनाव कर्व्हबॉल, जर्मनीत आश्रय मागायला गेलेला. जर्मन गुप्तचर त्याच्याशी बोलत होते, अमेरिकेच्या सीआयएने युद्धाआधी त्याची थेट जबानी घेतलीच नव्हती. २०११ ला त्याने स्वतः कबूल केलं की मी बनवून सांगितलं.

आता माझा मुद्दा. गुप्त माहितीत भेसळ असणारच, तो धंदाच तसा. मला राग येतो तो "बहुधा" गाळण्याचा. ऑक्टोबर २००२ चा अमेरिकेचा गुप्त अहवाल नव्वदच्या वर पानांचा, त्यात लिहिलेलं की इराक ज्या अॅल्युमिनियमच्या नळ्या मागवतोय त्या अणुबॉम्बसाठी आहेत यावर त्यांच्याच ऊर्जा खात्याचा विश्वास नाही, साध्या रॉकेटच्या वाटतात. लोकांसाठी जी पातळ आवृत्ती काढली तिच्यात "आमचा अंदाज" सारखे शब्द गेले आणि आक्षेप कुठल्या खात्याचा तेही गेलं.

आमच्या ग्रामदेवतेला कौल लावतात, म्हणजे देवाला पाकळ्या लावून कुठल्या बाजूची पडते ते बघतात, उजवा म्हणजे हो, डावा म्हणजे नाही. डावा पडला तर डावा, गप घरी जायचं. इथे उजवा पडेपर्यंत लावत राहिले आणि गावाला फक्त शेवटचा सांगितला.

बावटा_नंबर_३
कौलाचं छान आहे पण मी हर्णैचा माणूस, माझं उदाहरण बावट्याचं. बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागतो, आम्ही होड्या ओढून घेतो, कधीकधी वारं येतच नाही, दोन दिवसांचा धंदा बुडतो. मग काय हवामान खातं खोटारडं? आणि २००९ च्या फयान वादळात ज्यांच्या घरातली माणसं परत आली नाहीत त्यांना विचारा, जास्तीची वॉर्निंग बरी की कमीची.

१९९१ च्या आखाती युद्धानंतर निरीक्षक इराकमध्ये गेले तर कळलं की सद्दामचा अणुकार्यक्रम अंदाजापेक्षा बराच पुढे गेलेला होता. म्हणजे आधीच्या खेपेला हेच गुप्तचर कमी पडले होते, तर पुढच्या वेळी ते वरच्या बाजूला चुकणारच ना, माणूसच आहेत. आणि सद्दाम काय संत होता? १९८८ ला हलब्जात स्वतःच्याच देशातल्या कुर्दांवर विषारी वायू सोडून हजारो मारले. जर्मन, फ्रेंच गुप्तचरांनाही त्याच्याकडे काहीतरी आहे असंच वाटत होतं.

आणि आपल्या कोकणाने तरी हे बोलू नये. फेब्रुवारी १९९३ ला श्रीवर्धनजवळ शेखाडीला आरडीएक्स उतरलं, १२ मार्चला मुंबईत बॉम्बस्फोटांत २५७ माणसं गेली. तेव्हा कोणी "पक्का पुरावा आणा मग बघू" म्हणत बसलं असतं तर?

खाडीपलीकडचा
@बावटा, होडी ओढून घेतली तर धंदा बुडतो, तुमचाच. इथे दुसऱ्याच्या घरावर बॉम्ब टाकलेत. फरक आहे की नाही? आणि शेखाडीला माल खरंच उतरला होता हो, तिथे पुराव्याची कमी नव्हती, बघणाऱ्यांची होती.

सोलकढी_जास्त_द्या
मी राजकारणात पडत नाही पण हे वाचून राहवलं नाही. आमचे मामू कुवेतला होते, आमच्या गावातून निम्मी माणसं तिकडेच. १९९० ला सद्दाम घुसला तेव्हा हातातल्या एका बॅगेनिशी जॉर्डनमार्गे आले, मग परत गेले, पोटासाठी जावंच लागतं. मार्च २००३ ला त्यांच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांनी खिडक्यांना पॅकिंगची टेप मारलेली, दाराखाली ओला टॉवेल, का तर गॅस येणार. सायरन झाला की सात माणसं एका खोलीत, एसी बंद. फोनवर नानी रडायची आणि मामू म्हणायचे काही नाही गं, इकडे सगळं ठीक आहे. मिसाईल आली हो खरोखरची, पण गॅस काही आला नाही, कारण तो नव्हताच. मामूंनी उरलेले टेपचे सात-आठ रोल येताना बॅगेत भरून आणले, दोन वर्षं आमच्या आंब्याच्या पेट्यांना तीच टेप.

आणि १९९० ची ती मुलगी आठवते का, जिने अमेरिकेत रडत सांगितलेलं की इराकी सैनिकांनी इस्पितळात इनक्यूबेटरमधली बाळं काढून जमिनीवर ठेवली? नंतर कळलं की ती कुवेतच्या तिथल्या राजदूताची मुलगी, आणि मागे प्रचार करणारी कंपनी. मामू म्हणतात इराक्यांनी कुवेतमध्ये जे केलं ते डोळ्यांनी बघितलंय, त्यात खोटं मिसळायची गरजच काय होती?

देवगडी_हापूस
माका एकच कळता. खोटा बोललो एक आणि मेलो भलतोच.

निवृत्त_मास्तर
दोन गोष्टींची भर घालतो. ४ ऑगस्ट १९६४ ला व्हिएतनामजवळ टोंकिनच्या आखातात अमेरिकी जहाजांवर दुसरा हल्ला झाल्याचं सांगितलं गेलं, तो झालाच नव्हता. तीनच दिवसांत अमेरिकी संसदेत लष्करी कारवाईची मुभा देणारा ठराव मंजूर, सिनेटमध्ये विरोधात फक्त २ मतं. अमेरिकेच्याच गुप्तचर संस्थेचे कागद २००५ मध्ये खुले झाले तेव्हा संशयाला जागा उरली नाही.

दुसरी आपल्या घरची. एप्रिल २००३ मध्ये आपल्या संसदेने इराक युद्धाविरुद्ध ठराव केला, त्यात हिंदीत "निंदा" लिहिलं आणि इंग्रजीत त्याहून मऊ शब्द. मी तेव्हा वर्गात मराठी शिकवत होतो, पोरांना म्हटलं बघा, भाषांतराचा उपयोग! पण जुलैमध्ये अमेरिका सैन्य मागत असताना वाजपेयी सरकारने नाही म्हटलं, हे विसरू नये.

बावटा_नंबर_३
मास्तर, टोंकिन मान्य. पण इराकवर ब्रिटनची चिलकॉट चौकशी काय म्हणते ते नीट वाचा. २००९ ला सुरू, २०१६ ला अहवाल, १२ खंड. तेव्हाचे पंतप्रधान ब्लेअर खोटं बोलले असं त्यात कुठेही नाही.

खाडीपलीकडचा
नाही, पण धोका जितक्या खात्रीने मांडला तितक्या खात्रीला आधार नव्हता हे आहे, आणि इतर उपाय संपायच्या आत युद्धात उतरले हेही. ब्लेअरनी जुलै २००२ मध्येच बुशना लिहिलेलं की काहीही झालं तरी मी तुमच्याबरोबर. त्याच महिन्यातली, २३ जुलैची बैठक घ्या, ब्रिटनचा गुप्तचर प्रमुख वॉशिंग्टनहून येऊन सांगतो की तिकडे धोरणाला धरून माहिती बसवली जातेय. नवरी आधी ठरली, पत्रिका मागाहून जुळवली.

आणि ४५ मिनिटांचं काय? सप्टेंबर २००२ च्या ब्रिटिश सरकारच्या कागदात होतं की इराक ४५ मिनिटांत रासायनिक अस्त्रं काढू शकतो. मूळ माहिती रणांगणावर वापरायच्या छोट्या पल्ल्याच्या अस्त्रांची, ते कागदात स्पष्ट केलंच नाही, पेपरांनी सायप्रसपर्यंत मारा होणार असं छापलं आणि सरकारने दुरुस्ती केली नाही. हे चुकणं नाही, हे गप्प बसणं.

गुरवाचा_नातू
कौलावरून आलो. आमच्या घरात गुरवकी आहे म्हणून सांगतो, कौल परत लावतात, त्यात गैर काही नाही, अडला तर गाऱ्हाणं बदलून पुन्हा लावतात. पण मानकरी समोर बसलेले असतात. पाकळी उजवीकडची पडली की डावीकडची ते दहा जण बघतात, आजोबांनी हात नुसता जवळ नेला तरी कोणीतरी ओरडायचा "ओ, हात मागे". तुमच्या गोष्टीत गुरवाने गाभाऱ्याचं दार आतून लावलंय आणि बाहेर येऊन सांगतोय उजवा पडला.

खरे मानकरी म्हणजे संयुक्त राष्ट्रांचे हान्स ब्लिक्स आणि त्यांचे शस्त्र निरीक्षक. नोव्हेंबर २००२ पासून जवळपास ७०० तपासण्या केल्या, साठे सापडले नाहीत, अजून काही महिने द्या म्हणाले. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या अल-बरादेईंनी ७ मार्चला सांगितलं की इराकने नायजरहून युरेनियम घेतल्याचे कागद बनावट आहेत. २० मार्चला युद्ध सुरू. तेरा दिवस होते हो मध्ये.

बावटा_नंबर_३
हे मात्र पटलं, निरीक्षकांना वेळ द्यायला हवा होता. तरी खोटं बोलणं आणि स्वतःच स्वतःला फसवणं या दोन वेगळ्या गोष्टी, मी दुसरीच धरतो. आणि दार उघडं ठेवून कौल लावायचा तर आतली खबर देणारा माणूस उघडा पडतो, त्याचा जीव जातो, त्याचं काय? उद्या लिहितो सविस्तर, पहाटे होडीवर जायचंय, बर्फ अजून भरायचाय.

खाडीपलीकडचा
लिहा सावकाश. फक्त खबर देणाऱ्या कर्व्हबॉलला काही झालं नाही, उलट सद्दाम गेला याचा अभिमान वाटतो म्हणाला. गेले ते डेव्हिड केली, त्या ४५ मिनिटांवर पत्रकाराकडे शंका बोलून दाखवणारे ब्रिटनचे शास्त्रज्ञ.

बावटा_नंबर_३
चौकशीत आत्महत्या ठरली आहे ती, भलतं सुचवू नका.

खाडीपलीकडचा
आत्महत्याच म्हणतोय मी पण. केलींचं नाव बाहेर कसं आलं ते विचारतोय.

बावटा_नंबर_३
ते उद्या.