मदत हवी आहे : 'अनकॅरॅक्टरिस्टिक'ला मराठीत काय लिहू?

नागपूरच्या एका शाळेतले इंग्रजी शेरे पालकांसाठी मराठीत करून देतेय. एरवी शांत असणाऱ्या मुलीबद्दल बाईंनी लिहिलंय, 'अनकॅरॅक्टरिस्टिक आउटबर्स्ट'. 'विक्षिप्त' नको, ते 'एक्सेंट्रिक'साठी. शिवाय आई धसकाच घेईल. 'अटिपिकल'च्या वळणाचा शब्दही नको, कारण इथे तुलना वर्गाशी नाही, तिच्या स्वतःच्याच नेहमीच्या वागण्याशी आहे. 'न शोभणारं' म्हटलं की बाई रागावल्यासारख्या वाटतात. सध्या 'स्वभाव सोडून एकदम चिडली' असं लिहून ठेवलंय. रकान्यात एकच ओळ मावते आणि हिंगण्याकडच्या पालकांनाही ती पटकन कळायला हवी. याहून नेमकं काही आहे का? आणि एखादा मस्तीखोर पोरगा अचानक गुमान बसला, तर इंग्रजीत त्यालाही हाच शब्द लावतात, की यात तक्रारीचाच सूर असतो?