मोठ्यांसाठी कथाकथन: आजीची गोष्ट आणि रशियन परीकथा एकत्र कशा बांधू?

करंडा:
लालबागच्या आमच्या खोलीत देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर सोव्हिएत पुस्तकं असायची. आजोबा गिरणीत, लाल बावट्याचे. पगार झाला की लोकवाङ्मय गृहातून मराठीतलं एखादं रशियन पुस्तक घेऊन यायचे. आजीला अक्षरओळख नव्हती, म्हणून ती चित्रं बघून सांगायची. रशियन परीकथांतली चेटकीण बाबा यागा उखळात बसून मुसळाने वल्हवत येते आणि मागे केरसुणीने माग पुसते, यावर आजीचं मत: "बाई स्वच्छतेची हो!"

1982च्या संपात आजोबा घरी बसले आणि आजीने खाणावळीचे डबे सुरू केले. अडचण आली की ती पणजीच्या कुंकवाच्या करंड्याशी बोलायची. त्याच परीकथांतली पोरकी मुलगी वासिलिसासुद्धा मरताना आईने दिलेल्या बाहुलीला आधी घास भरवते, मग दुःख सांगते. हे मला जोडायचंय.

मैत्रिणीच्या हॉलमध्ये चाळीस मिनिटं सांगून बघितलं. बाबा यागा आली तसे लोक पोरांना हाका मारू लागले. नंतर एका काकांनी विचारलं, "यातलं खरं किती?" काय करू?

मधलीभिंत:
"आता एक रशियन गोष्ट" असं म्हणालात ना? तिथेच घात झाला. बाबा यागा वासिलिसाला खसखशीतली माती निवडायला लावते. तुमची आजी रेशनच्या तांदळातले खडे निवडत असणारच. सूप आजीच्या हातात द्या आणि निवडता निवडता खसखस येऊ द्या. कुणाला कळणारही नाही.

जुनाश्रोता:
काकांचं उत्तर रशियन सांगणाऱ्यांनी कधीच देऊन ठेवलंय. लोककथा गोळा करणाऱ्या अफानास्येवने 1855 पासून छापलेल्या लोककथांत कितीतरी गोष्टींचा शेवट असा: मीही त्या मेजवानीला होतो, मद्य प्यालो, मिशांवरून ओघळलं, तोंडात थेंब गेला नाही. आपल्या साठा उत्तराच्या कहाणीपेक्षा हे जास्त बेरकी. तेवढं म्हणायचं आणि खाली बसायचं.

खवट:
मला पटलेलं नाही. वासिलिसा शेवटी राजाची राणी होते. त्याआधी तिने यागाकडून दिवा म्हणून आणलेल्या कवटीच्या जळत्या डोळ्यांनी सावत्र आई आणि बहिणींची राख होते. तुमच्या आजीच्या गोष्टीत राख कुणाची? कुणाचीच नसेल, तर हे नुसतं गोड गोड होईल.

करंडा:
@मधलीभिंत, सूप घरात अजून आहे, आणते.

@खवट, दोन दिवस हाच विचार करतेय. काठीवर कवटी धरून जंगलातून चाललेल्या वासिलिसाचं चित्र पुस्तकात होतं. आजी ते पान आलं की दोन पानं एकदम उलटायची. मला ते दिसलं ती गेल्यावर, फळी आवरताना. तोवर माझ्या लेखी वासिलिसा यागाकडून दिवा घेऊन घरी आली होती, बस्स. पान चिकटलेलं नव्हतं, मी नीट बघितलंय. येत्या शनिवारी तिथूनच सुरुवात करते.