मदत हवी आहे: सिटी कौन्सिलच्या बैठकीत आईला मराठीतून बोलता येईल का?

नमस्कार. कॅलिफोर्नियातल्या कुणाला सिटी कौन्सिलमध्ये 'पब्लिक कमेंट'च्या (लोकांनी आपलं म्हणणं मांडायच्या) वेळी बोलायचा अनुभव असेल तर कृपया सांगा.

माझी आई ७४ वर्षांची आहे, ग्रीन कार्डावर आमच्याकडेच राहते. रोज सकाळी चालत लायब्ररीत जायची. वाटेत सहा लेनचा रस्ता लागतो. मी मोजून पाहिलं: अंतर साधारण ७० फूट, आईला लागतात ३० सेकंद. शेवटची लेन बाकी असतानाच सिग्नलवरचे उलट मोजणीचे आकडे संपतात आणि लुकलुकणारा लाल हात (म्हणजे 'थांबा') स्थिर होतो. मागच्या महिन्यात तिथेच एकाने जोरात हॉर्न वाजवला, आई घाबरून मधेच थबकली. तेव्हापासून ती एकटी बाहेर पडलेली नाही. आमच्यासाठी हे लहानसहान दुःख नाही.

थोडं वाचलं. सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला ३.५ फूट चालतो असं धरतात, म्हणजे ७० फुटांना २० सेकंद. हळू चालणाऱ्यांची जिथे नेहमीची ये-जा असते तिथे याहून कमी वेग धरावा, असंही मार्गदर्शक नियमांत आहे. मी दोन ईमेल केले, "नोंद घेतली" एवढंच उत्तर आलं. बैठकीत जाऊन बोलते म्हटलं, तर आई म्हणाली, "रस्ता मी ओलांडते, मग बोलेनही मीच."

तिला इंग्रजी जमत नाही. ती बोलेल, मी भाषांतर करेन. पण मिळतात तीनच मिनिटं, त्यातली निम्मी माझ्यातच जातील. शिवाय हा विषय अजेंड्यावर नाही आणि आई इथली नागरिक नाही. चालेल का?

प्रतिसाद

चालेल, आईंना नक्की घेऊन जा. १९५३ चा ब्राउन ॲक्ट (स्थानिक संस्थांच्या बैठका लोकांना खुल्या ठेवणारा कॅलिफोर्नियाचा कायदा) वाचा. नेहमीच्या बैठकीत अजेंड्यावर नसलेल्या विषयावरही बोलता येतं, फक्त तो शहराच्या अखत्यारीतला हवा. म्हणून आधी रस्ता कुणाचा ते बघा. काही मोठे रस्ते शहरातून जात असले तरी राज्याचे असतात, मग कॅलट्रान्सकडे, म्हणजे राज्याच्या वाहतूक विभागाकडे जावं लागतं. नागरिकत्वाची अट नाही.

वेळेचं म्हणाल तर दुभाष्यामार्फत बोलणाऱ्याला किमान दुप्पट वेळ द्यावा लागतो (सोबतच भाषांतर ऐकवणारी यंत्रणा असेल तर गोष्ट वेगळी). सिटी क्लार्कना आधी कळवून ठेवा.

एक मात्र आईंना आधीच सांगा. अजेंड्याबाहेरच्या विषयावर कौन्सिलला तिथल्या तिथे निर्णय घेता येत नाही. बोलून झाल्यावर समोरचे गप्प राहतील, फार तर विषय कर्मचाऱ्यांकडे पाठवतील. माझे वडील बोलले तेव्हा ही शांतता त्यांच्या फार मनाला लागली होती.

मागणी पहिल्याच वाक्यात येऊ दे: "या सिग्नलला दहा सेकंद वाढवून द्या." हॉर्नचा प्रसंग त्यानंतर. दर दोन वाक्यांनी थांबायची सवय करून घ्या, नाहीतर भाषांतरात दुवे निसटतात.

धागाकर्ती

मनापासून आभार. रस्ता शहराचाच आहे, क्लार्कना आत्ताच कळवलं. दुप्पट वेळेचं ऐकून आईने कागद घेऊन लिहायलाच सुरुवात केली आहे. आता एकच: दुभाषी म्हणून घरचं माणूस चालतं ना, की बाहेरचा आणावा लागतो? तुमच्याकडे काय केलं होतं? बैठक मंगळवारी संध्याकाळी आहे.