कपभर दूध पचत नाही, ताक चालतं : बदल कुठे आणि किती करायचा?
(मंचावरची चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

पोळीभाजी
सासूबाई ६२ वर्षांच्या, पूर्ण शाकाहारी, अंडंही खात नाहीत. रात्री कपभर दूध घेतलं की तास-दीड तासात पोटात गुडगुड, पोट फुगणं, कधी एखादा पातळ जुलाब. सकाळ-दुपारच्या चहाने आणि जेवणातल्या ताकाने काही होत नाही. बासुंदी किंवा पेढे जरा जास्त झाले की मात्र हमखास त्रास. डॉक्टरांनी सौम्य लॅक्टोज इनटॉलरन्स (लॅक्टोज ही दुधातली साखर नीट न पचणं) सांगितलं आणि दूध कमी करा म्हणाले. घरी म्हशीचं दूध येतं. बकरीचं किंवा ए-टू दूध आणून फरक पडेल का? सोया दूध घरी करून पाहिलं, पण कच्चा उग्र वास येतो आणि चहात घातलं की फाटतं. सणाच्या गोडाचं काय करायचं, आणि दूध बंद केलं तर कॅल्शियमचं काय?

ताकघुसळ्या
आधी बकरी आणि ए-टू. दोन्हींचा इथे उपयोग नाही. ए-वन, ए-टू हा दुधातल्या प्रथिनाचा फरक आहे, लॅक्टोज दोन्हींत सारखंच. बकरीच्या दुधात १०० मिलीला साधारण साडेचार ग्रॅम, गाई-म्हशीच्या दुधात पाचच्या आसपास. एवढ्या फरकासाठी दुप्पट पैसे घालवू नका.

सौम्य त्रास असलेल्या बहुतेकांना एका वेळी १०-१२ ग्रॅम लॅक्टोजपर्यंत फारसं काही होत नाही, आणि तेच जेवणासोबत गेलं तर आणखी सोसतं, कारण जठर हळू रिकामं होतं. या हिशेबाने तुमच्या घरातलं चित्र उलगडतं. चहात ५० मिली दूध म्हणजे अडीच ग्रॅम. रात्रीचा दीडशे मिलीचा कप म्हणजे साडेसात ग्रॅम, मर्यादेच्या आतला, पण तो एकटाच आणि रिकाम्या पोटी जातो. बासुंदीचं दूध निम्मं आटवलेलं असेल तर दीडशे मिलीच्या वाटीत १५ ग्रॅम. खव्यात तर लिटरभर दुधातलं सगळं लॅक्टोज दोनशे-सव्वादोनशे ग्रॅममध्ये येऊन बसतं. एका पेढ्यात सुमारे तीन ग्रॅम, म्हणून एक पेढा चालतो आणि चार चालत नाहीत.

ताक सोसतं त्याचं कारण वेगळं. विरजणातले जिवाणू काही लॅक्टोज आधीच खातात आणि उरलेलं पचवायला आतड्यात मदत करतात. मात्र ते जिवंत असायला हवेत. तुपात लॅक्टोज जवळजवळ नसतंच. पनीरमध्ये थोडं राहतं, बाकीचं निवळीत जातं. म्हणून ती निवळी सासूबाईंच्या कणकेत घालू नका. चक्क्याचंही तसंच: आठ-दहा तास टांगून पाणी नीट गळलं की बरंचसं लॅक्टोज त्या पाण्याबरोबर जातं. घरच्या चक्क्याचं श्रीखंड त्यांना बासुंदीपेक्षा कितीतरी सोपं जाईल.

माझं मत: चहा आणि ताक आहे तसं राहू द्या. बदलायचं आहे ते फक्त रात्रीचं दूध आणि खव्याचं गोड.

भिजवण
सोयाचा वास आणि फाटणं, दोन्हींवर उपाय आहे.

सोयाबीनमध्ये एक एन्झाइम असतं. दाणा फुटून गार पाण्याला लागला की ते कामाला लागतं आणि तो कच्च्या शेंगेसारखा वास तयार होतो. म्हणून भिजवलेले दाणे थेट गार पाण्यात वाटायचे नाहीत. १२५ ग्रॅम सोयाबीन आठ-दहा तास भिजवा, उन्हाळ्यात पाणी दोनदा बदला. चोळून सालं काढा. उकळत्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घालून दाणे त्यात पाच मिनिटं ठेवा आणि ते पाणी फेकून द्या. मग कढत पाण्याबरोबर वाटा. भांडं निम्मंच भरा आणि झाकण घट्ट दाबू नका, वाफेने ते उडतं आणि हात भाजतो. एकूण पाणी लिटरभर. पातळ सुती कापडातून पिळून घ्या.

आता बहुतेक जण चुकतात ती जागा. दूध तापायला लागलं की खरी उकळी फुटण्याआधीच फेस भसकन वर येतो. ती उकळी समजून गॅस बंद केला तर दूध कच्चंच राहतं, आणि कच्च्या सोयातला प्रथिनांचं पचन अडवणारा घटक तसाच राहून पोट पुन्हा बिघडतं. मग दोष येतो सोयाच्या माथी. मोठं पातेलं घ्या, फेस आला की आच कमी करा आणि खरी उकळी फुटल्यावर १५-२० मिनिटं ढवळत ठेवा. तळाला चटकन लागतं, तेव्हा उलथन्याने खरवडत राहा. शेवटी कणभर मीठ आणि वेलची. फ्रिजमध्ये तीन दिवस टिकतं. चोथा थालीपिठात घाला, पण नीट भाजून.

चहात फाटतं ते आंबटपणा आणि उष्णता एकत्र आल्यामुळे. आल्यात दूध फाडणारं एन्झाइमही असतं, त्यामुळे आलं आधी पाण्यात तीन-चार मिनिटं खळखळून उकळा. सोया दूध वेगळं गरम करा, कपात ते आधी ओता आणि त्यावर गाळलेला चहा हळूहळू सोडा. दोन्ही एकत्र झाल्यावर पुन्हा उकळी नको, आणि गुळाऐवजी साखर. अर्थात दुधाचा चहा सोसत असेल तर या खटाटोपाची गरजच नाही.

विकतचं घेताना एक लक्षात ठेवा: पाकिटावर दूध न लिहिता सोया बेव्हरेज, ओट ड्रिंक, आल्मंड ड्रिंक असं लिहिलेलं असतं. बिनसाखरेचं, कॅल्शियम आणि बी-१२ जीवनसत्त्व घातलेलं बघून घ्या. बदामाच्या पेयात प्रथिनं नावापुरती असतात. प्रथिनांत दुधाच्या जवळ जातं ते सोयाच.

नारळीभात
गोडाला दोन वाटा आहेत.

एक, लॅक्टोज-फ्री दूध. हे खरं दूधच असतं, फक्त लॅक्टेज एन्झाइम घालून लॅक्टोजचं ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज केलेलं. कॅल्शियम, प्रथिनं, बी-१२ सगळं जागेवर. खीर, बासुंदी, पनीर, विरजण सगळं जमतं. चवीला ते मुळातच गोड लागतं, म्हणून साखर आधी पाऊणपट घाला, मग चव बघा. आटवताना रंग लवकर तांबूस होतो. तो दूध खराब झाल्याचा नाही, आच मंद ठेवा. लॅक्टेजचे थेंब आणून घरीही करता येतं, पण थेंब तापवून पूर्ण गार केलेल्या दुधात घालायचे आणि २४ तास फ्रिजमध्ये ठेवायचं. कढत दुधात घातले की एन्झाइम निकामी होतं आणि थेंब वाया जातात.

दुसरी वाट नारळाच्या दुधाची. गव्हल्यांची किंवा तांदळाची खीर दुसऱ्या-तिसऱ्या पातळ रसात शिजवा. गूळ वेगळा विरघळवून कोमट करून घाला. पहिला दाट रस अगदी शेवटी घाला आणि बाजूने बुडबुडे दिसले की गॅस बंद. खळखळ उकळी आली की रस फुटतो, वर तेल आणि खाली पाणी. चमचाभर तांदळाची पिठी पाण्यात कालवून आधी लावली तर रस धरून राहतो. पण नारळाचं दूध रोजच्या दुधाची जागा घेऊ शकत नाही. त्यात स्निग्ध पदार्थ भरपूर, प्रथिनं आणि कॅल्शियम अगदी थोडं.

नाचणी
रात्रीच्या कपाऐवजी मी आंबील सुचवेन. ३० ग्रॅम नाचणीचं पीठ थोड्या ताकात रात्रभर भिजवा, दुसऱ्या दिवशी दीड कप पाण्यात ढवळत सात-आठ मिनिटं शिजवा. कोमट झाल्यावर पेलाभर ताक, मीठ, जिरेपूड. उकळत्या आंबिलीत ताक ओतलं तर फुटतंही आणि वर सांगितलेले जिवाणूही मरतात. नाचणीचं साधारण १०० मिलिग्रॅम आणि ताकाचं ८०-९० मिलिग्रॅम, म्हणजे कपभर दुधाइतकं कॅल्शियम झालं. भिजवल्याने नाचणीतलं कॅल्शियम अंगी लागायलाही मदत होते. सोबत चमचाभर बिनसोललेल्या तिळाची चटणी. तीळ भाजून कुटायचे, अख्खे तसेच बाहेर पडतात. पालकावर विसंबू नका, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवून ठेवतं. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढांना रोज १,००० मिलिग्रॅम आणि पाळी थांबलेल्या स्त्रियांना १,२०० मिलिग्रॅम लागतं, तेव्हा बेरीज दिवसभराची करा.

कॅल्शियमपेक्षा मला बी-१२ची काळजी वाटते. पूर्ण शाकाहारी माणसाला ते जवळजवळ फक्त दुधातून मिळतं. सगळं दुभतं बंद केलं तर हळूहळू हातापायाला मुंग्या, थकवा सुरू होतो आणि वयाच्या नावावर खपून जातो. ताक, दही, पनीर बंद करू नका, आणि एकदा रक्त तपासून घ्या. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी किंवा आम्लपित्ताची गोळी रोज चालू असेल तर नक्कीच.

वजन उतरणं, शौचातून रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, यातलं काही असेल तर मात्र घरगुती प्रयोग थांबवा आणि डॉक्टरांकडे जा.

पोळीभाजी
खूप आभार सगळ्यांचे. दोन राहिलेले प्रश्न: कढी उकळतो, मग ती चालेल का? आणि बिस्किटांच्या पुड्यावर काय बघायचं?

ताकघुसळ्या
कढीतले जिवाणू मरतात हे खरं, पण वाटीभर कढीत दही ५० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे लॅक्टोज दोन ग्रॅम. भाताबरोबर खुशाल वाढा.

पुड्यावर मिल्क सॉलिड्स, मिल्क पावडर, व्हे पावडर (निवळीची पावडर) हे शब्द शोधा. साय काढलेल्या दुधाच्या पावडरीत निम्मं लॅक्टोजच असतं, पण दोन बिस्किटांत ती चिमूटभरच येते. गुलाबजामचं तयार पीठ आणि हॉटेलातली खवा घातलेली ग्रेव्ही, इथे जपा. लॅक्टिक ॲसिड किंवा कॅल्शियम लॅक्टेट दिसलं तर घाबरू नका, ते लॅक्टोज नव्हे.

रात्रीचं दूध पंधरा दिवस पूर्ण थांबवा. मग दुपारच्या जेवणासोबत ५० मिलीपासून सुरू करून दर तीन दिवसांनी ५० मिली वाढवा, आणि ज्या मापाला गुडगुड सुरू होईल त्याच्या एक पायरी खाली थांबा.