इमिक्विमॉड लावून कातडी सोलवटते, गिऱ्हाइकाला काय सांगावं?

औषधालय, देवगड
गुप्तांगावरच्या चामखिळीसाठी इमिक्विमॉड ५ टक्के क्रीम नेलेले बरेच जण पंधरवड्यात परत येतात. जागा लालबुंद, सोललेली. विचारलं तर रोज दोनदा लावलेलं असतं. काउंटरवर नेमकं काय सांगावं? काही जण त्याच चामखिळीसाठी असायक्लोव्हिरचं मलम मागतात, ते द्यावं का?

त्वचारोगतज्ज्ञ, रत्नागिरी
असायक्लोव्हिर देऊ नका. ते हर्पिसवरचं औषध आहे. चामखीळ एचपीव्ही या वेगळ्या विषाणूमुळे येते, बहुतेक वेळा ६ आणि ११ या प्रकारांमुळे. हर्पिसच्या फोडांवरसुद्धा मलमाचा फायदा नगण्यच. तिथे गोळ्या लागतात: पहिल्या खेपेला ४०० मिग्रॅ दिवसातून ३ वेळा, ७ ते १० दिवस, अर्थात डॉक्टरांच्या चिठ्ठीवर.

इमिक्विमॉड चामखीळ जाळत नाही, तिथली प्रतिकारशक्ती जागी करतं. म्हणून रोज लावून गुण लवकर येत नाही, दाह मात्र वाढतो. आठवड्यातून तीनच रात्री, समजा सोम-बुध-शुक्र. अंग पूर्ण कोरडं करून फक्त चामखिळीवर पातळ थर चोळावा, दिसेनासा होईपर्यंत. वर पट्टी नको. ६ ते १० तासांनी साबण-पाण्याने धुवावं. जास्तीत जास्त १६ आठवडे. थोडी लाली येणारच. कातडी फाटून ओल आली, तर काही दिवस थांबून भरल्यावर पुन्हा सुरू करावं. चुकलेल्या रात्रीची भरपाई दुप्पट लावून करू नये.

आपल्याकडच्या दमट हवेत घामाबरोबर क्रीम ओघळून जांघेत उतरतं आणि चांगली कातडी सोलते. सैल सुती कपडे सांगा. पावसाळ्यात अर्धवट वाळलेली चड्डी घालणं तर नकोच.

स्त्रीरोगतज्ज्ञ, अलिबाग
बाई असेल तर आधी गरोदर आहे का ते विचारा. पोडोफायलिन आणि पोडोफायलोटॉक्सिन ही चामखिळीवर लावायची दुसरी औषधं गरोदरपणात चालत नाहीत, इमिक्विमॉडही टाळतात. अशा वेळी ८० ते ९० टक्के ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्ल डॉक्टरांनीच लावायचं. भोवती व्हॅसलीन, काडीने अगदी कणभर, पांढरा थर धरेपर्यंत. जास्त पडलं तर लगेच खाण्याचा सोडा टाकून शमवायचं. गरज पडल्यास आठवड्याने पुन्हा. हे आम्ल पाण्यासारखं पातळ असतं, पसरायला क्षण लागत नाही. घरी न्यायला कधीच देऊ नका.

पोडोफायलिनची राळ हिमालयातल्या बनककडीच्या मुळांतून निघते. तीही दवाखान्यातच लावायची आणि १ ते ४ तासांत धुवायची. एका वेळी १० चौरस सेंटिमीटरपेक्षा मोठ्या जागेवर नको, अंगात शोषली जाते.

समुपदेशक, चिपळूण
बिबा किंवा चुना लावून आलेला असेल तर क्रीम देऊच नका, आधी जखम भरू द्या. चपटी, ओलसर गाठ दिसली तर ती सिफिलिसची असू शकते, म्हणून व्हीडीआरएल (सिफिलिसची रक्ततपासणी) आणि एचआयव्ही तपासणी हवी. सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे गुप्तरोगाच्या दवाखान्यात, हे मोफत होतं. जोडीदारालाही तपासायला सांगा. क्रीम अंगावर असताना संबंध नकोत, त्याने निरोध कमकुवत होतो. आणि दुकानात चार माणसं उभी असतील, तर एवढं सगळं बाजूला घेऊनच बोला.

औषधालय, देवगड
आभार. साठवण कशी?

त्वचारोगतज्ज्ञ, रत्नागिरी
२५ अंशांखाली, पण गोठवू नका. मे महिन्यात पत्र्याखालच्या कपाटात नको. उघडलेली पुडी उरली तर टाकून द्यायला सांगा.